कावळ्यानं ऐकलेलं भाषण

खडीसाखर.

चिंचेवर बसलेले कावळे, आणि एकही खाली उतरत नाही.

"हॅलो, हॅलो… मागं ऐकू येतंय का?"

एक शेळी, स्वतःचंच दावं चघळणारी.

दुपारची झोप. म्हणजे, न आलेली.

"मी कुठं निजू?"

काय, लागला काही मेळ? नाही ना? नका लावू. सगळं एकाच माणसाचं आहे, एकाच दिवसातलं आहे, आणि मी ते सांगणारच आहे. पण तुमच्यातल्या काही जणांचं लक्ष आत्ताच आमटीच्या कढईकडे लागलंय! अहो, कढई कुठं पळून जात नाही. बसा.

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न आहे. माणूस भाषण करतो. बोलून झाल्यावर खाली बसतो. माईक पुढच्याच्या हातात जातो. लोक टाळ्या वाजवतात, नाहीतर नुसत्या माना हलवतात. मग मला सांगा — त्याचं बोलणं संपलं का?

"संपलं" म्हणालं कोणीतरी मागं. बरोबर! तुमच्या बाजूनं संपलं. तुम्ही उठताना चटई झटकता, त्याबरोबर शब्दही झटकता. तुमचं सोपं आहे. मी विचारतोय बोलणाऱ्याच्या बाजूनं.

नदीकाठचं एक गाव. नाव विचारू नका. तुमच्याच तालुक्यातलं आहे, आणि नाव घेतलं तर निम्मा मंडप "आमच्या मावशीचं गाव, आमच्या मावशीचं गाव" करत बसेल. त्या गावात सोपानराव वाळुंज. दूध डेअरीचे माजी चेअरमन. पण ही त्यांची ओळख नव्हे. ओळख म्हणजे — भाषण! साखरपुडा असो, शाळेचं गॅदरिंग असो, तलाठ्याची बदली असो, नव्या ट्रॅक्टरची पूजा असो — ट्रॅक्टरच्या पूजेला भाषण! — जिथं माईक, तिथं सोपानराव. आणि जिथं त्यांचा हात धरणारा कोणीच नव्हता, ते ठिकाण म्हणजे दहावा.

दहावा तुम्हाला सांगायला नको. घाटावर पिंड मांडलेला असतो, न्हाव्यापुढं बसून मुलानं मिशी उतरवलेली असते, घरचे लोक कावळ्याची वाट बघत उभे असतात, आणि इकडे मंडपात श्रद्धांजलीची भाषणं चालू. कावळा शिवेना, की भावकीतलं कोणीतरी हात जोडून पुढं होतं. बाबा, तुझं काय मनात राहिलंय ते आम्ही पुरं करू, पण शिव. अशी कबुली दिली आणि कावळा खाली आला, की ती कबुली पक्की! कागद नको, अंगठा नको. कोर्टातला साक्षीदार फिरतो, घाटावरचा फिरत नाही, असं आपली माणसं मानतात. चूक की बरोबर, ते तुमचं तुम्ही बघा. पण मानतात.

आता सोपानरावांच्या दहाव्याच्या भाषणाचा शेवट ठरलेला. गेलेल्या माणसाची आई समोर असली, तर तिच्याकडे वळायचं. किंचित वाकायचं. आवाज उतरवायचा. "आई" म्हणायचं आणि थांबायचं. ते थांबणं फार कसलेलं होतं, बरं का! आणि मग — "तुझा मुलगा गेला नाही. आजपासून मी तुझा मुलगा."

बायकांचे पदर डोळ्यांना. सोपानरावांचे पाय चपलेत. की जीप चालू.

तालुक्यात त्यांच्या इतक्या आया झाल्या होत्या, की एकेकीला एकदा भेटून यायचं म्हटलं तरी जन्म पुरला नसता. भेटत कोणालाच नव्हते, म्हणून पुरत होता.

अहो, ते मंडपाच्या खांबाला टेकून बोलणारे दोघं! तुमचं चालू द्या, मी थांबतो. …झालं? बरं.

त्या दिवशी दहावा गेनभाऊचा. गेनभाऊ म्हणजे टोमॅटोचा टेम्पो चालवणारा, पन्नाशीला आलेला, लग्नाच्या भानगडीत न पडलेला. तापानं गेला. मागं आई, सगुणाबाई. म्हातारी, वाळलेली, पण ताठ. दुसरं कोणी नाही. भावकी होती. भावकी दहाव्यापर्यंत असते, तेराव्याला जेवायला असते, चौदाव्याला तिला फार कामं निघतात.

पिंड मांडला. कावळे चिंचेवर. एका चुलतभावानं कबूल केलं, तुझा टेम्पो चांगल्या गिऱ्हाइकाच्या हातात देऊ. कावळ्यानं पाठ फिरवली. दुसरा म्हणाला, घरावर नवे पत्रे घालू. कावळ्यानं फांदीला चोच पुसली. ऊन चढलं. न्हाव्यानं धोकटी बांधून परत सोडली. आणि इकडे माईकवर सोपानराव! कावळा येवो न येवो, त्यांचं चालूच. शेवटाला आले. वळले. वाकले. आवाज उतरवला. "आई" — थांबले — "तुझा मुलगा गेला नाही. आजपासून मी तुझा मुलगा."

आणि कावळा उतरला!

पिंडाला चोच लावली, शीत उचललं आणि गेला. सगळ्या घाटाचे हात जोडले गेले. सोपानरावांचेही जोडले गेले, आणि खरं सांगायचं तर, स्वतःलाच जोडले गेले.

इथं आख्यान सुरू होतं.

म्हणाल, महाराज, मग इतका वेळ काय चाललं होतं? इतका वेळ भाषण चाललं होतं. आख्यान भाषणानंतरचं आहे. भाषणाचं आख्यान कशाला सांगू? तुम्ही रोज ऐकता.

बोलून घरी आलेला माणूस काय करतो, कधी निरखलंय? तो म्हणतो, दमलो बाई, जरा पडतो. पडतो, पण झोपत नाही! डोळे मिटून सगळं भाषण पहिल्यापासून परत करतो. मनातल्या मनात. तिथं माईक कुरकुरत नाही, कोणी जांभई देत नाही, आणि जे वाक्य घाटावर सुचलं नव्हतं ते तिथं बरोबर सुचतं. जगातली सगळ्यात चांगली भाषणं अशीच कॉटवर झालेली आहेत.

सोपानरावांनी अंघोळ केली. कोमट पाणी प्याले. गालात खडीसाखर धरली आणि सोप्यातल्या कॉटवर आडवे झाले. बायको, शेवंताबाई, शेंगा निवडत बसल्या होत्या. सोपानरावांनी त्यांना सांगितलं, की आज माझ्या शब्दावर कावळा शिवला. शेवंताबाईंनी विचारलं, भात आत्ता लावू की उठल्यावर. सोपानरावांनी कूस बदलली. घरच्या श्रोत्यांपुढे मोठमोठे वक्ते हरले आहेत, तिथं सोपानरावांचं काय!

मनात भाषण सुरू झालं. गेनभाऊच्या टेम्पोवरून जीवनाच्या प्रवासाकडे वळलो ते छान जमलं. पण मध्ये ते मोक्षाचं लांबलं. ते पुढच्या वेळी काढून टाकावं. "आई"च्या पुढचं थांबणं मात्र… तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. कोंडिबा.

कोंडिबा म्हणजे डेअरीवर दूध मोजणारा आणि गावभर ते सांडत फिरणारा. दूध नव्हे हो, बातम्या! आला तो पाय धरायलाच. म्हणाला, चेअरमन, असं कधी बघितलं नव्हतं. सोपानराव उठून बसले. मोठ्या मायेनं विचारलं, कोंडिबा, तुला नेमकं काय भिडलं? कोंडिबानं डोकं खाजवलं. म्हणाला, आवाज फार लांब गेला. पार ओढ्यापलीकडं. तो माईकवाला कुठला होता?

सोपानराव परत आडवे झाले. कोंडिबा चहा पिऊन गेला.

मंडळी, बोलणाऱ्याचा हा छळ कोणाला कळायचा नाही! त्याला वाटतं आपण शब्द दिले. लोक घरी घेऊन जातात माईकवाल्याचं नाव.

पण आता झोप येईना, त्याचं कारण वेगळं होतं. सोपानरावांना सगळं भाषण आठवलं. न्हावी आठवला. कावळा आठवला. पण "आई" म्हटलं त्या क्षणी सगुणाबाईंचं तोंड कसं होतं, ते आठवेना. इतर म्हाताऱ्या पदरात तोंड घालून रडतात. ही रडत नव्हती. मग काय करत होती? खडीसाखर विरघळत आली तेव्हा आठवलं. ती बघत होती. त्यांच्याकडे. बाजारात म्हैस घ्यायच्या आधी बघतात तसं — वरून खालपर्यंत.

सोपानरावांनी डोळे उघडले.

कसं असतं, दहा ठिकाणी बोललेलं वाक्य असतं. रोजच्या चपलेसारखं, पायात घातलंय हे कळतसुद्धा नाही. सोपानरावांनी ते आज पहिल्यांदाच हातात घेऊन बघितलं. मी तुझा मुलगा. म्हणजे काय? त्यांनी लगेच स्वतःला समजावलं, की ही बोलण्याची रीत आहे. लोकांना कळतं. कावळ्याचं काय, त्याला भूक लागली असेल. असं म्हणून त्यांनी उशी उलटी केली आणि डोळे गच्च मिटले.

"अहो," शेवंताबाई दारातून म्हणाल्या, "बाहेर शेळी आलीय."

"हाकल."

"शेळीबरोबर माणसं आहेत."

शेळी होती. शेळीचं दावं धरलेल्या सगुणाबाई होत्या. आणि मागं डोक्यावर बोचकं घेतलेला — कोंडिबा! म्हणाला, वाटेत भेटल्या, म्हटलं पोचवतो. काय माणसं असतात बघा! ज्याला दूध नीट पोचवता येत नाही, तो माणूस बरोबर पोचवतो.

सोपानरावांना वाटलं, आभार मानायला आल्या. लोक येतात तसे. त्यांनी सदरा घातला, या आई म्हणाले, चहा टाकायला सांगितलं. गेनभाऊ किती सरळ माणूस होता ते दोन वाक्यांत सांगितलं. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं. चहा बशीत ओतून प्याल्या. बशी पालथी घातली. मग सोप्यावरून, माजघराच्या दारावरून, कॉटवरून नजर फिरवली.

"मी कुठं निजू?"

सोपानराव हसले. शेवंताबाई हसल्या नाहीत. बायकांना आधी कळतं.

"म्हणजे, आज मुक्काम आहे का आई?"

"आज कसला? र्‍हायला आले."

आता सोपानरावांची धावपळ बघा! बसल्या जागेवरची धावपळ. म्हणाले, आई, तुमचं घर आहे, दार आहे, तिथं काय कमी पडणार आहे. भावकीला मी सांगतो. रेशन घरपोच करतो. दवाखान्याला जीप पाठवतो. मी स्वतः अधूनमधून येऊन जाईन.

"येऊन जातो तो जावई," सगुणाबाई म्हणाल्या. "ल्योक घरात असतो."

अहो, हसताय काय? तुमच्यातले किती जण महिन्यातून एकदा "येऊन जातात" ते मला माहीत आहे! सगुणाबाईंच्या हिशेबानं तुम्ही सगळे जावई आहात.

सोपानराव वैतागले. आता लपवून काय उपयोग! म्हणाले, आई, ते दहाव्यातलं बोलणं होतं. सगळीकडे बोलतो मी तसं. धीर द्यायला बोलतात. कोंडिबा, तू सांग यांना. कोंडिबा बोचकं खाली ठेवायला तयार नव्हता, परत न्यायलाही तयार नव्हता. डोक्यावर धरून उभा. म्हणाला, चेअरमन, पण शिवला ना. सगळ्यांनी बघितलं. आता तुम्ही शब्द मागं घेतला, तर उद्या कोणाच्या दहाव्याला तुम्ही उभे राहिलात की लोक वर कावळ्याकडं बघतील आणि मग तुमच्याकडं बघतील.

हे लागलं. सोपानरावांना हे फार लागलं. पण ज्यानं ते मोडले ते हे नव्हे.

सगुणाबाई बोलल्या. त्यांना माईकची सवय नव्हती, त्यामुळे आवाज चढला नाही की उतरला नाही.

"मला हौस हाय का रं हितं यायची? माझं घर चांगलं हाय. माझी चूल माझ्या हाताला सापडती अंधारात. दारात आळूचा वाफा हाय, त्याला कोण पाणी घालंल आता? पर गेना हट्टी. पोरपणापासून. भावकीनं टेम्पो सांगितला, पत्रा सांगितला, न्हाई हलला. त्याला पत्र्याचं काय? माझा घोर होता त्याला. तू म्हणालास आन् तो गेला. तुझ्या शब्दावर गेला. आता मी घरीच र्‍हायले, तर तो फसला ना? मेल्यावर फसला. मी आई हाय त्याची. मी कशी फसवू त्याला?"

कळलं का मंडळी? म्हातारी आसरा मागायला आली नव्हती. ती आपली बाजू पुरी करायला आली होती. शब्द सोपानरावांनी दिला, कावळ्यानं घेतला, आणि पाळायचं ओझं उचललं तिनं — आळूचा वाफा सोडून, शेळीला ओढत, भर उन्हात. आणि ज्यानं शब्द दिला तो कुठं? कॉटवर! खडीसाखर चघळत, की मोक्षाचं जरा लांबलं का!

मला सांगा, चीड येते की नाही? मला येते. रोज बोलतो मी, मला येते.

शेवंताबाई इतका वेळ दाराला टेकून होत्या. आता पुढं झाल्या. सोपानरावांना वाटलं, ही तरी वाचवील. घरात सून आहे, नातवंडं आहेत, जागा नाही, काहीतरी म्हणेल.

"इतक्या घरांत मुलगा होऊन आलात," शेवंताबाई म्हणाल्या, "मी एकदाही विचारलं नाही. ह्या पहिल्या आल्या. बाकीच्या येणार असतील तर आधी सांगा, म्हणजे तेवढ्या शेंगा निवडते."

आणि आत गेल्या. भांड्याचा आवाज आला. कोणाच्या बाजूनं आला, ते त्या आवाजावरून कळेना.

उरले सोपानराव. मग त्यांनी काय करावं? जे येत होतं तेच केलं. उठून उभे राहिले! खरंच — घरातल्या सोप्यात, एक म्हातारी आणि एक कोंडिबा एवढ्या सभेपुढं, पाय जुळवले, सदरा खाली ओढला, हात असा पुढं धरला, जणू समोर माईकच आहे. सभेतला शब्द वेगळा, घरातला शब्द वेगळा, हे समजावून सांगायचं. शांतपणे. मुद्देसूद. मनात सगळं जुळलं होतं. किंचित वाकले. आवाज उतरवला.

"आई…"

आणि सवयीनं थांबले.

"काय रं?" म्हातारी म्हणाली.

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा.

इतक्या वर्षांत, इतक्या घाटांवर, इतक्या म्हाताऱ्यांना हा माणूस आई म्हणाला. एकीनंही ओ दिली नव्हती. द्यायची असते हेच त्याला ठाऊक नव्हतं! त्या पदरात तोंड घालून रडायच्या, आणि तो पुढचं वाक्य बोलायचा. त्याच्या त्या थांबण्यात कोणीतरी बोलेल, अशी जागाच त्यानं कधी ठेवली नव्हती. ही सरळ बोलली. पोरगं चुलीपाशी येऊन काहीतरी मागणार असं वाटल्यावर आई जशी वर न बघता म्हणते, तशी.

सोपानरावांना पुढचं वाक्य आठवेना.

उभे राहिले. हात तसाच माईक धरल्यासारखा. कोंडिबानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा म्हातारीकडं, आणि बोचकं खाली ठेवलं.

"काय म्हणत हुतास?"

"काही नाही," सोपानराव म्हणाले.

मग त्यांनी हात खाली घेतला. कॉटवरची चादर ओढून काढली, झटकली, परत घातली. उशी उलटी केली होती, ती सुलटी केली. म्हणाले, इथं वारा चांगला लागतो. सगुणाबाई म्हणाल्या, ते बघू मागनं, आधी शेळीला पाणी दाव, वाटेनं तोंड सुकलंय तिचं. आणि तालुक्याचा वक्ता दुपारच्या उन्हात बादली घेऊन शेळीपुढं जाऊन बसला. शेळी पाणी पीत होती. सोपानराव तिच्याकडं बघत होते. त्या दिवशी त्यांना जी काय विश्रांती मिळाली ती तेवढीच.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे महाराज, पण हे वक्त्यांचं झालं. आम्ही कुठं भाषणं करतो?

करता! तुम्ही रोज करता! कोणाच्या दारात शोक झाला, की चपला घालता घालता काय म्हणता? "काही लागलं तर सांगा हं." दवाखान्यात पेशंटच्या पायाशी उभं राहून काय म्हणता? "आम्ही आहोत ना." आहात? कुठं आहात? बाहेर येऊन पहिली गोष्ट तुम्ही चहा शोधता! शेजारच्या घरात एकटी राहणारी बाई आहे, तिला दिवाळीला फराळाचं ताट दिलंत आणि म्हणालात, हे घर तुमचंच समजा. समजली असती तर? आज संध्याकाळी बोचकं घेऊन उभी राहिली असती तर? तुमच्या घरात काय तोंडं झाली असती, तुम्ही मनाशी बघा. मला नका सांगू.

बोलणाऱ्याचं बोलणं कधी संपतं, विचारलं होतं मी. तो बसला म्हणजे नाही. तो घरी जाऊन झोपला म्हणजे तर नाहीच. ज्यानं ते खरं मानलं, तो जोवर वाट बघतोय तोवर ते चालू आहे. आणि तुम्ही समजताय त्यानं अजून सांगितलं नाही, म्हणजे त्याला काही लागलं नाही. अहो, त्याला लाज आहे. सगुणाबाईंना नव्हती, म्हणून सोपानराव सुटले. तुम्हाला कोण सोडवणार?

आज इथून उठाल. कढईकडं धावाल, धावा, आमटी चांगली झालीय म्हणतात. पण घास तोंडात घालण्याआधी एकच आठवा. शेवटचं "सांगा हं" कोणाला म्हणालात? त्या घरी जा. फोन नको, चिठ्ठी नको. जाऊन दारात उभे राहा. आणि कृपा करून — तिथं जाऊन भाषण करू नका! देवाला तेवढं पुरे आहे, त्याचं नाव घ्या आणि उठा.

सगुणाबाई वारल्या, तेव्हा सोपानरावांनी मिशी काढली होती.